कुत्र्याने धरलेली कोंबडी: घरी काय करायचं, डॉक्टरकडे काय सांगायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सांगलीजवळच्या गावात घरामागे पाच-सहा गावरान कोंबड्या आहेत. त्यातली तांबडी दोन वर्षांची, मुलांच्या अंगाखांद्यावर वाढलेली. काल संध्याकाळी मोकाट कुत्र्याने तिला पाठीवर धरलं. आरडाओरडा केल्यावर सोडलं, पण पाठीची कातडी तळहाताएवढी फाटली आणि डावा पंख लोंबतोय. तुम्ही जखमेत हळद भरली. सकाळी दवाखान्यात फोन केला तर "कोंबडीला काय उपचार करणार, कापून टाका" असं ऐकायला मिळालं. ती उभी राहते, पाण्यात चोच घालते, खात मात्र नाही. ती वाचेल का आणि तिला कुठे न्यायचं, असं तुम्ही विचारलंय.

वाचण्याची शक्यता चांगली आहे. पाठीचं मांस उघडं पडलेल्या कोंबड्या महिना-दीड महिन्यात भरून आलेल्या मी तालुक्याच्या दवाखान्यात काम करताना पुष्कळ पाहिल्यात. जखम दिसायला भयंकर असली म्हणून ती जीवघेणी असतेच असं नाही. असा पक्षी बहुतेक तीन कारणांनी दगावतो. पहिल्या काही तासांत धक्क्याने, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दातांतून आत गेलेल्या जंतूंनी, नाहीतर आपण जखमेत जे काही भरतो त्याने. तुमची तांबडी पहिल्या टप्प्यातून बाहेर आलेली दिसते. दुसऱ्याची वेळ आता आहे. म्हणून सगळ्यात आधी हे ऐका: आजच्या आज तिला पशुवैद्यकाकडे न्या. "दोन दिवस बघू, मग नेऊ" हे कुत्र्या-मांजराच्या चाव्याला चालत नाही.

कारण असं की दातांचं भोक बाहेरून बारीक दिसतं आणि आत खोल गेलेलं असतं. कोंबडीची कातडी पातळ आणि सैल असते. कुत्रा धरून झटका देतो तेव्हा वरची कातडी सरकते आणि खालचं मांस चिरडतं, त्यात लाळेतले जंतू राहून जातात. मांजराचा चावा तर याहून वाईट. मांजराच्या तोंडात पाश्चुरेला नावाचे जंतू सर्रास असतात आणि पक्ष्याच्या रक्तात ते गेले की एक-दोन दिवसांत खेळ संपू शकतो. लुई पाश्चर यांनी १८८० च्या सुमारास ज्या कोंबड्यांच्या कॉलऱ्यावर काम केलं, तो याच जंतूचा आजार, आणि जंतूला नावही त्यांचंच मिळालं. त्यामुळे "बोक्याने नुसतं धरलं होतं, रक्तसुद्धा आलं नाही" असं कोणी सांगितलं तरी मी प्रतिजैविक सुरू करतो.

कुत्रा चावला म्हणून कोंबडीला रेबीज होईल का, ही भीती घरोघरी असते. रेबीज हा सस्तन प्राण्यांचा आजार आहे, कोंबडीकडून तो माणसाला होण्याची काळजी करू नका. मात्र कुत्र्याच्या लाळेने भिजलेली ताजी जखम उघड्या हातांनी हाताळली असेल आणि तुमच्या हाताला चीर किंवा खरचटलेलं असेल, तर हात साबण लावून वाहत्या पाण्याखाली धुवा आणि माणसांच्या डॉक्टरला तेवढं विचारून घ्या. तो कुत्रा पिसाळल्यासारखा वागत होता का, हेही त्यांना सांगा.

आता घरी काय करायचं ते. दवाखान्यात निघेपर्यंत आणि तिथून आल्यावरही हेच लागू आहे.

तिला बाकीच्या कोंबड्यांपासून लगेच वेगळी करा. लाल मांस दिसलं की कोंबड्या तिथे टोचतात. त्यात वैर नसतं, रंग दिसला की चोच जाते. पण सकाळी तळहाताएवढी असलेली जखम संध्याकाळी दुप्पट झालेली असते. पुठ्ठ्याचं खोकं घ्या, बाजूंना भोकं पाडा, तळाला जुना टॉवेल किंवा सुती कापड घाला. भुसा आणि तूस उघड्या जखमेला चिकटतं, त्यामुळे ते सध्या नको. खोकं घराच्या शांत कोपऱ्यात, अर्धवट अंधारात ठेवा. मुलांना कितीही वाटलं तरी तिला दर दहा मिनिटांनी उचलून बघायचं नाही, हे त्यांना आताच समजावून सांगा. कोंबडी ही शिकार होणाऱ्या जातीची आहे. तिच्या लेखी माणसाचा हात, कुत्र्याचं भुंकणं आणि टीव्हीचा आवाज ही सगळी धास्तीच असते, आणि धास्तीने हृदय थकतं.

ऊब द्या. कोंबडीचं अंग आपल्यापेक्षा गरम असतं, साधारण ४१ ते ४२ अंश सेल्सिअस. धक्का बसलेला पक्षी ती उष्णता टिकवू शकत नाही. पिसं फुगवून, डोळे अर्धे मिटून, मान आखडून बसला म्हणजे तो थंडावलाय असं समजा. खोक्याच्या एका बाजूला पिल्लांसाठी लावतो तसा पिवळा बल्ब अंतरावर लावा किंवा गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून ठेवा. आतली हवा तीस अंशांच्या आसपास पुरे. ऊब एकाच बाजूला हवी, म्हणजे तिला नको वाटली तर सरकता येईल. चोच उघडून धापा टाकायला लागली, पंख अंगापासून दूर धरले, तर गरम जास्त झालंय.

पाणी उथळ वाटीत तिच्यासमोर ठेवा. लिटरभर पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ हे घरचं मिश्रण किंवा औषधाच्या दुकानातलं ओआरएस चालतं. चोच उघडून चमच्याने पाणी ओतू नका. तिची चोच उघडून पाहिलीत तर जिभेच्या मुळाशी एक फट उघडझाप करताना दिसेल. ती श्वासनलिका. आपल्यासारखी तिला झाकण नसते. जबरदस्तीने ओतलेलं पाणी सरळ तिथून आत जातं आणि जखमेने न मेलेली कोंबडी पाण्याने मरते. चोचीच्या कडेला एकेक थेंब टेकवा, ती गिळेल तेवढाच. खात नसेल तर पहिला दिवस काळजी नको. थंड पडलेल्या पक्ष्याला भरवलेलं अन्न गळ्याखालच्या पिशवीत तसंच पडून आंबतं. आधी ऊब, मग पाणी, मग दाणे.

तिला उचलण्याची पद्धत महत्त्वाची आहे. बाजारात कोंबड्या पाय धरून उलट्या लटकवतात, ते डोळ्यांना इतकं सवयीचं झालंय की घरीही तसंच होतं. कोंबडीला आपल्यासारखा श्वासपटल नसतो. छाती आणि पोट हलवून ती फुप्फुसांना जोडलेल्या हवेच्या पिशव्या भरते आणि रिकाम्या करते. उलटं धरलं की आतड्यांचं वजन त्या पिशव्यांवर येतं, छाती आवळली की श्वासच बंद. धडधाकट कोंबडी हे थोडा वेळ सोसते, जखमी कोंबडीला ते सोसेलच असं नाही. दोन्ही पंख अंगाशी मिटवून, खालून हाताचा आधार देऊन उचला. टॉवेलमध्ये सैल गुंडाळा, डोक्यावर फडक्याचा पदर टाका. अंधार झाला की ती शांत होते.

मग तिला दिवसाच्या उजेडात, दोघांनी मिळून, एकदाच नीट तपासा. पाठीची जखम दिसतेय म्हणून तिथेच थांबू नका. कुत्र्याचे वरचे दात पाठीवर लागले असतील तर खालचे दात पोटाला किंवा पंखाच्या बगलेत लागलेले असणारच. पिसं उलट्या दिशेने फुंकत जा, म्हणजे कातडी दिसते. बगला, मांडीची आतली बाजू, शेपटीखाली गुदद्वाराभोवती बघा. मुंगूस आणि रानमांजर बऱ्याचदा मानेवर किंवा शेपटीखाली धरतं आणि तिथलं रक्त पिसांत जिरून जातं. कातडीखाली हवा भरून फुग्यासारखं झालंय आणि दाबल्यावर चरचर लागतं असं आढळलं, तर हवेची पिशवी फुटलेली आहे. छातीजवळच्या जखमेतून श्वासाबरोबर बुडबुडे येत असतील तर तिथे पाणी किंवा औषध अजिबात ओतू नका, ते सरळ श्वसनमार्गात जातं. स्वच्छ ओलं कापड हलकं ठेवून निघा.

रक्त येत असेल तर स्वच्छ कापडाने पाच मिनिटं सलग दाबून धरा. मध्येमध्ये उचलून बघितलं की धरलेली खपली निघते. दीड किलोच्या कोंबडीच्या अंगात सगळं मिळून शंभर-सव्वाशे मिलिलिटर रक्त असतं, हे लक्षात ठेवलं की "थोडंच गेलंय" म्हणजे किती याचा अंदाज येतो. नख किंवा चोचीचं टोक तुटून रक्त येत असेल तर तुरटीची पूड किंवा कॉर्नफ्लॉर दाबून लावलं की थांबतं. ते टोकापुरतंच, उघड्या मांसात भरायचं नाही.

धुणं हे घरच्या उपचारातलं सगळ्यात मोलाचं काम आहे आणि लोक नेमकं तेच टाळतात. लिटरभर पाणी उकळून कोमट करा, त्यात नऊ ग्रॅम, म्हणजे सपाट दीड छोटा चमचा मीठ घाला. सुई काढलेल्या मोठ्या सिरिंजने जखमेवर धार मारा आणि माती, पिसं, कुत्र्याचे केस निघून पाणी स्वच्छ येईपर्यंत मारत राहा. तुमच्या बाबतीत आधी हळद काढावी लागेल. तिचा गोळा झाला असेल तर ओलं कापड पाच-दहा मिनिटं ठेवून भिजवा, मग धारेने सोडवा, खरवडू नका. नंतर औषधाच्या दुकानातलं पोव्हिडोन आयोडीन पाण्यात घालून कोऱ्या फिक्या चहाच्या रंगाचं करा आणि त्याने शेवटचं धुवा. बाटलीतलं घट्ट औषध तसंच ओतलं तर नवीन मांस भाजतं. जखमेत येणारी पिसं कडेने कात्रीने कापा, उपटू नका. उपटताना कातडी आणखी फाटते.

हळदीबद्दल तुम्हाला वाईट वाटू देऊ नका, आपल्याकडे प्रत्येक घरात पहिला हात हळदीच्या डब्याकडेच जातो. पण स्वयंपाकघरातली हळद निर्जंतुक नसते, खोल जखमेत तिचा लगदा होतो, त्याखाली पू साठतो, आणि डॉक्टरला पिवळ्या थराखालची खरी कातडी दिसत नाही. याहून घातक गोष्टी लोक लावतात. चुन्याने मांस जळतं. तंबाखूतलं निकोटीन जखमेतून रक्तात जातं आणि पक्ष्याला ते विषच आहे. फिनेल, टर्पेंटाइन, रॉकेल यांचा नुसता वाससुद्धा कोंबडीच्या नाजूक श्वसनाला झेपत नाही. हायड्रोजन पेरॉक्साइडचा फेस बघून समाधान वाटतं, पण भरून येणारं मांस तो पुन्हा मारतो. गाई-म्हशींसाठीचा जखमेचा स्प्रेही डॉक्टरांनी बाटली बघून हो म्हटल्याशिवाय मारू नका. व्हॅसलिन, खोबरेल किंवा चिकट मलमाने पिसं चिपकतात आणि ऊब धरून ठेवण्याचं त्यांचं कामच बंद पडतं.

पावसाळ्यात आणि ऑक्टोबरच्या उन्हात माशी हा सगळ्यात मोठा शत्रू. उघड्या जखमेवर माशीने अंडी घातली तर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी अळ्या निघतात. सुरुवातीला पिसांच्या मुळाशी तांदळाच्या कण्यांसारखे पांढरे पुंजके दिसतात, तेव्हाच चिमट्याने आणि ओल्या कापडाने काढून टाका. अळ्या आत शिरल्या तर मिठाच्या पाण्याच्या धारेने आणि चिमट्याने दिसतील तेवढ्या काढा आणि दवाखाना गाठा. खोक्यावर मच्छरदाणीचं कापड बांधा. खोक्याच्या तळाचं कापड मळतं, ते दिवसातून दोनदा बदला. एवढ्यावर अर्धी लढाई जिंकली जाते.

वेदनेचं बोलू. कोंबडी ओरडत नाही म्हणजे तिला दुखत नाही, असा समज आहे. ती दुखणं लपवते, कारण दुबळं दिसणं म्हणजे शिकाऱ्याला आमंत्रण. पण म्हणून घरातली गोळी चुरून देऊ नका. डायक्लोफिनॅक पक्ष्यांची मूत्रपिंडं निकामी करतं. त्यानेच आपल्याकडची गिधाडं संपत आली आणि २००६ साली जनावरांसाठी त्यावर बंदी आली. केटोप्रोफेन आणि एसिक्लोफिनॅक यांवरही २०२३ मध्ये बंदी घातली गेली. पक्ष्यांसाठी मेलॉक्सिकॅम वापरतात, मात्र वजन बघून आणि अंगातलं पाणी कमी झालेलं नाही याची खात्री करून. ते ठरवणं डॉक्टरांवर सोडा. जखम बधिर करणारी मलमंही लावू नका. माणसाला किरकोळ वाटणारी मात्रा दीड किलोच्या पक्ष्याला जास्त होते.

प्रतिजैविकाचंही तसंच. पोल्ट्रीच्या दुकानात एन्रोफ्लॉक्सासिनची बाटली सहज मिळते आणि "पाण्यात पाच थेंब टाका" असा सल्लाही फुकट मिळतो. आजारी कोंबडी पाणीच कमी पिते, मग तिच्या पोटात किती औषध गेलं हे कोणालाच कळत नाही. एका पक्ष्याला औषध द्यायचं ते वजनावर, चोचीतून किंवा इंजेक्शनने, आणि सांगितलेले सगळे दिवस. कोलिस्टिन असलेलं काही दुकानदाराने पुढे केलं तर घेऊ नका, ज्यांचं मांस, दूध, अंडी आपण खातो त्या प्राण्यांसाठी हे प्रतिजैविक २०१९ पासून बंद आहे.

पंखाकडे येऊ. दोन्ही पंख सारखे मिटतात का ते समोरून बघा. लोंबणारा पंख हलक्या हाताने चाचपताना टोकदार काही लागलं, करकर जाणवली किंवा हाड कातडीबाहेर दिसलं, तर तिथेच थांबा. खांद्याजवळचं हाड कोंबडीत पोकळ असून हवेच्या पिशवीला जोडलेलं असतं. ते उघडं पडलं असेल तर त्यात पाणी मारायचं नाही, मिठाच्या पाण्यात भिजवलेलं स्वच्छ कापड वर ठेवून न्यायचं. हाड उघडं नसेल तर पंख नेहमी मिटतो तसा मिटवून, स्वतःलाच चिकटणाऱ्या बँडेजच्या पट्टीने अंगाशी सैल बांधा, पट्टी दुसऱ्या पंखाखालून घ्या. पट्टीखाली तुमचं एक बोट सहज गेलं पाहिजे आणि छाती वरखाली होताना दिसली पाहिजे. घरी बांधलेलं हे फक्त प्रवासापुरतं. पुढची पट्टी किती दिवस ठेवायची, मध्ये सोडून सांधा हलवायचा की नाही, हे डॉक्टर ठरवतील. पक्ष्यांची हाडं लवकर जुळतात, दोन-तीन आठवड्यांत चांगली धरतात, पण वाकडी बसली तर वाकडीच धरतात. म्हणून उशीर नको.

आता दवाखान्याचं. तुम्हाला जे उत्तर मिळालं ते चुकीचं आहे, पण ते कुठून येतं हे माहीत असलं तर पुढचं सोपं जाईल. आम्हाला कोंबडी शिकवली जाते ती कळप म्हणून. शेडमध्ये पाच हजार पक्षी, त्यात मर आली की दोन पक्षी फाडून रोग ओळखायचा आणि उरलेल्यांना वाचवायचं. एकेकट्या कोंबडीला रुग्ण म्हणून पाहायची सवय अनेकांना नसते. त्यात फोनवर "कोंबडी आजारी आहे" एवढंच ऐकलं की डॉक्टरच्या डोक्यात राणीखेत किंवा बर्ड फ्लू येतो. म्हणून फोन असा करा: "पाळीव कोंबडी आहे, कुत्र्याने काल संध्याकाळी सहाच्या सुमारास धरलं. वजन अंदाजे दीड किलो. पाठीवर तळहाताएवढी कातडी फाटलीय, रक्त थांबलंय. डावा पंख लोंबतोय, हाड बाहेर नाही. उभी राहते, पाणी पिते, कालपासून खाल्लं नाही. बाकीच्या कोंबड्या ठीक आहेत. आम्ही तिला कापणार नाही, औषधाच्या खर्चाची तयारी आहे. जखम बघून प्रतिजैविक आणि वेदनेचं औषध द्याल का?" यातलं एकेक वाक्य डॉक्टरच्या मनातल्या एकेका शंकेचं उत्तर आहे. शेवटच्या तीन वाक्यांनी तर बहुतेक ठिकाणी दार उघडतं.

कुठे न्यायची? जवळच्या श्रेणी एकच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात पशुधन विकास अधिकारी म्हणजे पदवीधर पशुवैद्यक असतो. श्रेणी दोनमध्ये बहुतेक पशुधन पर्यवेक्षक असतात, त्यामुळे टाके किंवा हाडाचं काम असेल तर आधी विचारून जा. तालुक्याला लघु सर्वचिकित्सालय आणि जिल्ह्याला सर्वचिकित्सालय असतं. १९६२ हा टोल फ्री क्रमांक फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा आहे. प्राधान्य गुरांना मिळतं, तरी फोन जरूर करा, निदान जवळ कोण बसतं ते कळतं. शहरातले कुत्र्या-मांजरांचे खासगी दवाखाने कोंबडीला नाही म्हणतीलच असं नाही. त्यांना "पक्षी बघता का?" असं विचारा, कारण पोपट आणि लव्हबर्ड बघणाऱ्या डॉक्टरला कोंबडी अजिबात अवघड नसते. तुमच्याकडून पुण्याच्या वाटेवर शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. हाड मोडलेलं असेल तर तिथे नेण्याइतकं अंतर तुम्हाला नक्की परवडेल. मुंबईकरांना परळचं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि त्याच आवारातलं बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय, विदर्भात नागपूर आणि अकोला, मराठवाड्यात परभणी आणि उदगीर. महाविद्यालयाच्या दवाखान्यात शिकणारी मुलं असतात, त्यांना असा रुग्ण हवाच असतो, आणि एक्स-रेची सोय असते.

जाताना खोकं मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये धरा, हँडलला पिशवीत लटकवू नका. सोबत तिची ताजी शीट कागदात घ्या, आतापर्यंत दिलेल्या औषधांच्या बाटल्या घ्या आणि घरात अंडी खाल्ली जातात हे सांगा. कोणतं औषध द्यायचं आणि किती दिवस अंडी खायची नाहीत, हे त्यावर ठरतं. ते दिवस कागदावर लिहून मागा. बाकीच्या कोंबड्यांच्या अंड्यांत तिचं अंडं मिसळू नये म्हणून तिला तेवढे दिवस वेगळीच ठेवा.

डॉक्टर म्हणाले की हिला वाचवणं म्हणजे नुसते हाल आहेत, तर तेही शांतपणे ऐका. आतडी बाहेर आलेली, दोन्ही पाय लुळे पडून टोचल्यावरही हलत नाहीत, अशा पक्ष्याला इंजेक्शन देऊन वेदनेतून सोडवणं हा उपचारच आहे. तुमच्या तांबडीची अवस्था तशी नाही.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. लंगडणारी, मान वाकडी झालेली किंवा तुऱ्यावर खपल्या आलेली प्रत्येक कोंबडी जखमी नसते. एक पाय पुढे, एक मागे ताणून पडलेली तरुण कोंबडी बऱ्याचदा मॅरेक्स या विषाणूच्या आजाराची असते. मान पिळवटली, हिरवी पातळ शीट, धाप, आणि शेजारच्या कोंबड्याही मलूल, म्हणजे राणीखेत, ज्याला गावात मानमोडी म्हणतात. तुऱ्यावर आणि डोळ्याभोवती काळ्या खपल्या ही देवी असू शकते, ती डासांनी पसरते. आणि ओळीने पक्षी मरायला लागले, डोकं सुजलं, तुरा निळा-जांभळा पडला, तर पक्षी घेऊन दवाखान्यात जाऊ नका. हात लावू नका, दवाखान्याला फोन करून त्यांना बोलवा. बर्ड फ्लू २००६ मध्ये नवापूरला आणि २०२१ च्या जानेवारीत परभणीच्या मुरुंब्याला येऊन गेलाय. असं काही लपवलं तर सगळ्या गावाच्या कोंबड्या जातात.

घरी आणल्यावरचे दिवस. तिसऱ्या दिवशी जखमेच्या कडेची कातडी गर्द हिरवी दिसेल आणि तुम्ही घाबराल. पक्ष्याचा मुका मार हिरवाच होतो. त्यांच्या अंगात रक्ताचा रंग मोडताना तो हिरव्यावर थांबतो, आपल्यासारखा पुढे पिवळा होत नाही. ते सडणं नाही. सडणं ओळखा वासावरून, आणि कातडी काळी, थंड, कोरडी पडते त्यावरून. पूही पातळ येत नाही. पिवळट, घट्ट, चुरा होणारा गोळा बनतो, तो दाबून निघत नाही. असा गोळा दिसला तर स्वतः कोरू नका, डॉक्टरकडून काढून घ्या. जखमेचा तळ लालसर, ओलसर, दाणेदार दिसतोय आणि कडा आत सरकतायत, म्हणजे सगळं ठीक चाललंय.

रोज सकाळी त्याच वेळी तिचं वजन करा, काट्यावर टोपली ठेवून. पिसांमुळे ती भरलेली दिसते आणि आत छातीचं मधलं हाड सुरीसारखं वर आलेलं असतं, म्हणून त्या हाडाच्या दोन्ही बाजूंनी हात फिरवायची सवय लावा. शीट थोडी आणि गडद हिरवी असेल तर ती पुरेसं खात नाहीये. दोन-तीन दिवस फुटलेली कनकी शिजवून, उकडलेलं अंडं कुस्करून, कोमट आणि ओलसर असं समोर ठेवा. कोंबडीला अंडं देताना लोक बिचकतात, पण मांस भरून यायला प्रथिनं लागतात आणि तिला ती इतक्या सहज दुसऱ्या कशातून मिळत नाहीत. मग हळूहळू नेहमीच्या ज्वारी-बाजरीवर आणि खाद्यावर या. अंडी बंद होतील, ती कधी सुरू होतात याची घाई करू नका. तिच्या खोक्याजवळ काम झालं की प्रत्येक वेळी साबणाने हात धुवा आणि तिची भांडी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुऊ नका.

मुळासकट उपटली गेलेली पिसं काही आठवड्यांत परत फुटतात. अर्धवट तुटलेली पुढच्या पीसझडीपर्यंत तशीच राहतात. नवीन पिसांच्या कोंबांत रक्त असतं, त्यामुळे त्या काळात पाठ चोळू नका आणि कोंबडा तिच्यावर चढणार नाही हे बघा.

कळपात परत सोडायची ती जखम पूर्ण झाकली गेल्यावरच. महिनाभर दूर राहिलेली कोंबडी बाकीच्यांना परकी वाटते आणि मारामारी होते. आठवडाभर तिला त्याच अंगणात जाळीपलीकडे किंवा डालग्याखाली ठेवा, एकमेकींना दिसतील अशी. मग अंधार पडल्यावर खुराड्यात त्यांच्या शेजारी बसवा आणि सकाळी दाणे दोन-तीन ठिकाणी टाका. आणि त्याआधी खुराड्याची जाळी बदला. षटकोनी भोकांची पातळ जाळी कोंबडीला आत ठेवते, कुत्र्याला बाहेर ठेवत नाही. अर्ध्या इंचाची वेल्ड केलेली जाळी लावा, खाली वीतभर जमिनीत पुरा आणि दाराला खिट्टी ठेवा. एकदा कोंबडी हाती लागलेला कुत्रा त्याच जागी परत येतो, बहुतेक त्याच वेळेला.